फी माफ केली, तरी वर्ग तसाच का दिसतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका वर्षाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालवता, ३० जागा आहेत. चार वर्षांपासून त्यातल्या ५ जागांची फी पूर्ण माफ आहे. तरीही वर्गात बसतात ती बहुतेक एकाच थरातली मुलं. माफीच्या ५ पैकी २ जागा रिकाम्याच राहतात आणि ज्या भरतात त्यातलंही एखादं जण वर्ष संपायच्या आत निघून जातं. ‘अजून काय करायचं?’ असं तुम्ही विचारता. त्याला जोडून तुमच्या सहकाऱ्यांची शंका आहे, की निवडीत सूट दिली तर दर्जा घसरेल. पुढची जाहिरात तीन महिन्यांवर आली आहे.

मी आधी बातमीदारी केली, मग डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या संपादित करायला, बसलो आणि आता बरीच वर्षं नवे बातमीदार तयार करायचं काम करतो. तुमच्यासारखाच वर्ग माझ्याही समोर बसायचा. त्यामुळे सुरुवात सहकाऱ्यांच्या शंकेपासून करतो. तुम्ही ती शेवटी लिहिली आहे, पण खरं घोडं तिथेच पेंड खातं.

‘सूट’ या शब्दात एक गृहीत दडलेलं आहे. आपली चाचणी बरोबरच आहे, काहींसाठी ती जरा खाली आणायची, एवढाच काय तो प्रश्न! माझा अनुभव वेगळा आहे. प्रवेशाच्या वेळी आपण जे मागतो, त्यातलं बरंचसं आपण वर्षभरात शिकवायचं असतं. सफाईदार भाषा, चालू घडामोडींची माहिती, अनोळखी माणसासमोर बोलण्याचा धीटपणा, दोन-चार ओळखी, आधीची छापून आलेली कात्रणं. हे सगळं ज्याच्याकडे घरातूनच आलेलं आहे त्याला आपण निवडतो, वर्षभर शिकवतो आणि शेवटी म्हणतो, बघा, किती चांगला निघाला! तो आला तेव्हाच चांगला होता. आपण त्याच्यात किती भर घातली, हे कोणी मोजत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही विद्यापीठाच्या नियमांनी बांधलेले असाल तर पात्रता आणि गुणांची विभागणी तुमच्या हातात थोडीच असेल. पैसा देणाऱ्याने तो फक्त फीसाठी दिला असेल तर तो दुसरीकडे वळवता येणार नाही. आणि विविधता म्हणजे तुमच्याकडे नेमकी कोणाची उणीव, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. अमेरिकेत रॉबर्ट मेनार्ड नावाच्या संपादकाने समाजातल्या पाच भेगा मांडल्या होत्या: वंश, आर्थिक-सामाजिक वर्ग, लिंग, पिढी आणि भूगोल. बातमी करताना आपण कोणत्या भेगेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत ते तपासा, असं त्याचं म्हणणं. तुमच्याकडे जात, अपंगत्व, भाषा अशा आणखीही भेगा असतील. कोणती मोजायची ते तुम्ही ठरवा, पण एकीकडे बघताना दुसरी झाकली जाते याचं भान ठेवा. ब्रिटनमध्ये २०१२ साली माजी मंत्री ॲलन मिलबर्न यांनी सरकारला दिलेल्या अहवालात पत्रकारितेवर हाच ठपका ठेवला होता. वंश आणि लिंग यांकडे थोडंफार लक्ष दिलं गेलं, आर्थिक पार्श्वभूमीकडे नाही. मुली निम्म्या झाल्या आणि सगळ्या एकाच प्रकारच्या घरांतून आल्या, असं माझ्याही वर्गात घडलेलं आहे.

आता कामाचं. आधी मोजा.

भारतात १९९६ साली पत्रकार बी. एन. उनियाल यांना एका परदेशी वार्ताहराने एखाद्या दलित पत्रकाराशी गाठ घालून द्यायला सांगितलं. उनियाल शोधू लागले. अधिस्वीकृतीधारक, म्हणजे सरकारी मान्यता असलेल्या, पत्रकारांची यादी चाळली, ओळखीपाळखीत विचारलं, कोणी सापडलं नाही. तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला एकही दलित सहकारी भेटला नाही, हे त्यांना तेव्हा जाणवलं आणि तसं त्यांनी लिहिलं. विचार करा, ज्याचा धंदाच निरीक्षणाचा त्या माणसाला हे दिसायला तीस वर्षं लागली, तेही कोणीतरी बाहेरून विचारलं म्हणून. नसलेला माणूस नजरेला खटकत नाही. तो मोजल्यावरच कळतो.

मी अनेक वर्षं म्हणत होतो, ‘त्या मुलांचे अर्जच येत नाहीत हो.’ मग एका सहकारी बाईंनी मला बसवून मागच्या तीन वर्षांचे अर्ज बाहेर काढायला लावले. प्रत्येक पायरी वेगळी लिहिली: माहिती मागवली, अर्ज केला, चाचणीला आले, चाचणीत पास, मुलाखतीत पास, प्रवेश घेतला, वर्ष पूर्ण केलं, आणि वर्षानंतर पत्रकारितेत आहेत. निघालं भलतंच. अर्ज येत होते. चाचणीपर्यंत मुलंही येत होती. गळती मुलाखतीत होती, म्हणजे माझ्या टेबलावर, आणि दुसरी मोठी गळती प्रवेश मिळाल्यानंतर पैसे भरायच्या आठवड्यात.

तुमची गळती कदाचित तिसरीकडेच असेल, म्हणूनच मोजा म्हणतो. बीबीसीमध्ये २०१७ साली रॉस ॲटकिन्स यांनी आपल्या कार्यक्रमात बोलणाऱ्या बायका किती आणि पुरुष किती हे रोज मोजायला सुरुवात केली. पुढे तो उपक्रम संस्थाभर पसरला. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की आपल्या हातात जे आहे तेच मोजायचं आणि मोजणाऱ्यांनी स्वतःचंच मोजायचं. घटनेतला मुख्य माणूस पुरुष असेल तर ते तुमच्या हातात नाही. त्यावर भाष्य करायला कोणाला बोलावलं, ते आहे. एक सावधगिरी मात्र हवी. ३० जणांच्या वर्गात दोन माणसं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी उड्या मारते. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार वर्षं एकत्र बघा.

आता निवड. यावर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक मला इथे दिसला.

आमची जुनी पद्धत तुमच्यासारखीच असणार. सामान्यज्ञानाचा पेपर, एक निबंध आणि मुलाखत. मुलाखतीत ठरलेला प्रश्न: ‘पत्रकारच का व्हायचंय?’ या प्रश्नाचं चांगलं उत्तर कोण देतं? ज्याच्या घरात किंवा ओळखीत पत्रकार आहे, ज्याला चार लोकांनी आधी तयारी करून दिली आहे. उरलेली मुलं ‘समाजासाठी काहीतरी करायचंय’ म्हणतात आणि आपण मनातल्या मनात जांभई देतो. ज्या मुलीने आयुष्यात एकही बातमीदार जवळून पाहिलेला नाही, तिने या धंद्याबद्दल खोल काही सांगावं, ही अपेक्षाच चुकीची. मुलाखत घेणारे आम्ही तिघे, तिघांची पार्श्वभूमी जवळपास सारखी. आपल्यासारखं बोलणारं पोर दिसलं की आम्ही म्हणायचो, ‘याच्यात स्पार्क आहे.’ तो स्पार्क म्हणजे बऱ्याचदा आमचंच प्रतिबिंब.

हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. ब्रिटनमध्ये शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या सटन ट्रस्टने २००६ साली १०० आघाडीच्या पत्रकारांचं शिक्षण तपासलं. त्यातले ५४ खासगी शाळांत शिकलेले होते. देशातली जेमतेम ७ टक्के मुलं अशा शाळांत जातात. या ५४ जणांना कोणी वशिल्याने घेतलं असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी प्रामाणिकपणे ‘हा चांगला वाटतो’ म्हटलं असेल.

आम्ही पद्धत बदलली ती टप्प्याटप्प्याने आणि धडपडत. सध्याची सांगतो.

पहिल्या चाळणीला निबंध नाही. अर्जात एकच प्रश्न: तुमच्या आसपासची अशी एक गोष्ट सांगा जी बातमीत यायला हवी होती पण आली नाही, आणि ती खरी आहे हे तुम्ही कोणाकोणाला विचारून, कोणता कागद बघून पडताळाल? उत्तर लिहून द्या किंवा तीन मिनिटं बोलून रेकॉर्ड करून पाठवा. लिहिलेल्या आणि बोललेल्या उत्तराला समान वजन. (यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं हल्ली भरपूर येतात. ती ओळखू येतात ती भाषेवरून नव्हे. ‘संबंधित अधिकाऱ्यांशी चर्चा करेन’ यापलीकडे त्यांत माणूस सापडत नाही. खरं उत्तर म्हणतं, पंपावरचा रात्रपाळीचा माणूस, कारण टँकर कधी भरतो ते त्याच्या वहीत असतं.)

दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष काम. एक काल्पनिक घटना, समजा शाळेच्या इमारतीचा भाग कोसळला. सगळ्यांना तीन कागद देतो: एक अधिकृत निवेदन, एक जुनी तक्रार, एका प्रत्यक्षदर्शीचं म्हणणं. आकडे आणि वेळा मुद्दाम एकमेकांशी जुळत नाहीत. आमच्यातलाच एक जण अधिकारी होऊन बसतो, दहा मिनिटं प्रश्न विचारता येतात. मग २०० शब्दांची बातमी. इथपर्यंत अनेक संस्था करत असतील. पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिली कॉपी, म्हणजे त्याने लिहिलेला बातमीचा मजकूर, आम्ही त्या विद्यार्थ्यासोबत दहा मिनिटं बसून वाचतो, काय राहिलं ते सांगतो आणि दुसरी कॉपी लिहायला लावतो. पहिल्या कॉपीला थोडे गुण. पहिल्यापासून दुसरीपर्यंत माणूस किती सरकला, याला त्याहून जास्त.

एका मुलाची पहिली कॉपी मला आठवते. इंट्रो (बातमीचा सार सांगणारी सुरुवात) नाही, शुद्धलेखनाची दाणादाण. जुन्या पद्धतीत पाच मिनिटांत बाद झाला असता. पण ‘अधिकाऱ्याला’ त्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘शाळेत त्या वेळी किती मुलं होती हे कोणी मोजलं? हजेरीपट कुठाय?’ मैदानात याच प्रश्नावर बातमी उभी राहते किंवा पडते. दुसरी कॉपी अजूनही ओबडधोबडच होती, पण तिची पहिली ओळ बरोबर जागी होती. भाषा त्याला आम्ही शिकवू शकलो. हजेरीपटाचा प्रश्न शिकवायला फार कष्ट पडतात.

मुलाखत आम्ही काढून टाकली नाही, बांधून घेतली. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक परीक्षक आपापले गुण आधी कागदावर लिहितो, चर्चा त्यानंतर. कॉपी तपासताना वर नाव नसतं, क्रमांक असतो. मोकळ्या गप्पांपेक्षा ठरलेले प्रश्न आणि कामाचा नमुना यांवरून पुढच्या कामाचा अंदाज जास्त बरा येतो, हे नोकरभरतीवरच्या संशोधनात केव्हाच दिसून आलेलं आहे. पत्रकारितेतले लोक ते मानत नाहीत, कारण आपल्याला माणसं ओळखता येतात असा आपला समज असतो.

याला वेळ लागतो, हे कबूल करतो. पूर्वी दोन दिवसांत उरकणाऱ्या निवडीला आता पाच-सहा दिवस लागतात आणि पहिल्या वर्षी माझ्या सहकाऱ्यांनी मला बरंच ऐकवलं.

दर्जाचं उत्तर मी त्यांना असं दिलं: प्रवेशाची चाचणी बदलली, बाहेर पडतानाची नाही. वर्षाअखेरीस डेडलाइनमध्ये स्वच्छ कॉपी, प्रत्येक आकड्याचा स्रोत, नाव आणि हुद्दा अचूक, कायद्याची जाण, यात कोणालाही एक गुणही सोडत नाही. सूट दिली असेल तर ती आम्हा शिक्षकांना पूर्वी होती, तयार मुलं घेऊन वर्षभर आरामात शिकवण्याची.

पैशाचं बघू. फी हा सगळ्या खर्चातला एक भाग, आणि अनेकांच्या बाबतीत छोटा भाग. ज्याच्या कमाईवर घर अंशतः चालतं त्याच्यासाठी खरी किंमत म्हणजे बुडालेली वर्षाची कमाई. त्यावर राहणं, प्रवास, चालेल असा फोन, लॅपटॉप. माफीच्या जागा रिकाम्या राहतात त्या इथे. मुलाला घेऊन आलेले वडील मान डोलावतात, ‘फी नाही, फार चांगलं,’ आणि घरी जाऊन हिशेब करतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून एनसीटीजे ही प्रशिक्षण संस्था जर्नलिझम डायव्हर्सिटी फंड चालवते. त्यातून फीबरोबर राहण्या-जेवण्याच्या खर्चालाही मदत मिळते. तुम्ही पाच फीमाफ्यांऐवजी तीन मुलांना फी अधिक दरमहा निर्वाहभत्ता दिलात तर माझ्या मते जास्त उपयोग होईल. आणि ‘आधी भरा, नंतर परत देऊ’ असलं काही असेल तर ते आजच थांबवा. प्रवेश निश्चित करायची अनामत रक्कमही त्यात आली. आमची दुसरी गळती तिथेच होती. रक्कम क्षुल्लक होती, पण ती सात दिवसांत उभी करायची होती.

वेळापत्रकही पैशाइतकंच महत्त्वाचं. आमचे तास आठवड्याचे सहाही दिवस सकाळी थोडे, दुपारी थोडे असे विखुरलेले असायचे. एक मुलगा कायम पेंगायचा. मी त्याला वर्गात टाकून बोललो. नंतर कळलं की तो रात्रपाळी करून थेट वर्गात येत होता. त्याने ते सांगितलं नाही, कारण काम करतो असं कळलं तर माफी जाईल अशी त्याला भीती. पुढच्या वर्षी आम्ही सगळे तास सलग साडेतीन दिवसांत बसवले. उरलेल्या दिवसांत मुलं उघडपणे काम करू लागली. शिक्षकांची कुरकुर झाली, पण बदलाला पैसा लागला नाही.

मग इंटर्नशिप. दोन महिने बिनपगारी, मोठ्या शहरात, स्वतःच्या खर्चाने राहून. आपण वर्षभर जे काही कमावतो ते इथे गमावतो. ज्याला परवडतं तो जातो, त्याचं नाव छापून येतं, डेस्कवर ओळख होते, नोकरी मिळते. ज्याला परवडत नाही तो घराजवळचं काहीतरी करून प्रमाणपत्र आणतो. मी दोन गोष्टी केल्या. जी माध्यमं निदान प्रवास-राहण्याचा खर्च देणार नाहीत त्यांच्याकडे संस्थेमार्फत मुलं पाठवणं बंद केलं. काही दारं बंद झाली, त्यात एक मोठं नाव होतं, आणि त्या वर्षी आमच्या माहितीपत्रकातून ते गेलं याचं संचालकांना फार वाईट वाटलं. दुसरं म्हणजे इंटर्नशिप ओळखीने मिळवायला मनाई. सगळ्या जागा एका यादीत, वाटप संस्थेकडून. ‘माझ्या काकांनी बोलून ठेवलंय’ असं म्हणणाऱ्याला मी सांगतो, काकांना म्हणावं ती जागा यादीत टाका. काहीच जमलं नाही तर संस्थेच्या आतच सहा आठवडे खरी न्यूजरूम चालवा. रोज अंक किंवा रोज बुलेटिन, बाहेरचा संपादक मानधन देऊन बोलवा. दुधाची तहान ताकावर म्हणाल तर तसं, पण सगळ्यांना सारखंच ताक.

मानधनावरून आठवलं. पाहुण्या वक्त्यांनाही पैसे द्या, थोडे का होईना. फुकट यायला सांगितलं की ज्यांना फुकट येणं परवडतं तेच येतात, आणि मग व्यासपीठावरही तोच एक थर दिसतो.

जाहिरातीबद्दल थोडक्यात. ‘भाषेवर प्रभुत्व’, ‘सळसळतं व्यक्तिमत्त्व’ असले शब्द काढून काय शिकवणार ते लिहा. एकूण खर्च आणि मिळणारी मदत पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या, तळटीपेत नको. पदवीची अट नियमाने बंधनकारक नसेल तर ती कशासाठी आहे, हे स्वतःला विचारा. ज्या मेनार्डचं वर नाव घेतलं त्याने १६ व्या वर्षी शाळा सोडली होती. पुढे १९८३ साली तो ‘ओकलंड ट्रिब्यून’ या दैनिकाचा मालक झाला. उत्तर प्रदेशात चित्रकूट इथे २००२ साली सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र तर जेमतेम शाळा शिकलेल्या, बऱ्याचशा दलित समाजातल्या गावाकडच्या बायकांनीच चालवलं, बुंदेलीत. बातमी गोळा करणं, लिहिणं, छापणं, वाटणं, सगळं त्यांनी काम करता करताच शिकून घेतलं. २००९ साली त्याला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. पदवीची अट असती तर यातलं कोणीच आपल्या चाचणीपर्यंत पोचलं नसतं. जाहिरातीपेक्षाही तुमची जुनी मुलं उपयोगी पडतात. ती ज्या शाळेतून, वस्तीतून, वाचनालयातून आली तिथे त्यांनाच पाठवा, आणि त्या दिवसाचे त्यांना पैसे द्या.

मुलं मध्येच सोडून का जातात? सोडतानाच्या अर्जात ती ‘घरगुती कारण’ लिहितात. त्यावर विश्वास ठेवू नका, महिन्याभराने फोन करा. मला मिळालेली उत्तरं बहुतेक दोन प्रकारची होती. एक, मध्येच खर्च उद्भवला. आजारपण, फोन बिघडला, घरभाडं. यासाठी छोटा निधी ठेवा, दोन दिवसांत मिळेल आणि ज्यासाठी कोणासमोर हात पसरावा लागणार नाही असा. दुसरं उत्तर ऐकायला जास्त जड: ‘सर, तिथे मी एकटीच होते.’

एकट्याचं ओझं आपल्या लक्षात येत नाही. एका वर्षी आमच्याकडे एक दृष्टिहीन मुलगी होती, हुशार. मी मोठ्या कौतुकाने तिला अपंगांच्या प्रश्नांवरची बातमी दिली. मग दुसरी. तिसऱ्यांदा तिने शांतपणे विचारलं, ‘सर, मला बजेट कधी?’ मी तिला तिच्याच विषयाच्या कोंडवाड्यात घातलं होतं, वर त्याला संवेदनशीलता म्हणत होतो. तेव्हापासून बीट, म्हणजे बातमीदाराला नेमून द्यायचे विषय, चिठ्ठ्या टाकून वाटतो आणि दर सहा आठवड्यांनी बदलतो. कोणाला स्वतःच्या समाजावर लिहायचं असेल तर जरूर लिहावं, पण त्याने मागितलं तर. गट पाडतानाही एका गटात एकटंच कोणी पडणार नाही हे बघतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, दर वर्षी एक-एक घेण्यापेक्षा एकदम चार-पाच घ्या.

त्याच मुलीमुळे समजलं की आमच्या निम्म्या नोट्स स्कॅन केलेली चित्रं होती. तिचं स्क्रीन रीडर ती वाचूच शकत नव्हतं. आता अर्जातच सगळ्यांना विचारतो, चाचणीला आणि वर्गात कोणती सोय लागेल? सगळ्यांना विचारलं की कोणा एकाला पुढे येऊन सांगावं लागत नाही. जास्त वेळ द्यावा का, यावर आमच्यात वाद झाला, कारण डेडलाइन हा तर धंद्याचा प्राण. तोडगा असा निघाला: जिथे वेग हाच मोजायचा आहे तिथे वेळ सगळ्यांना सारखा, पण साधनं ज्याची त्याची. जिथे समज मोजायची आहे तिथे घड्याळ बाजूला.

भाषेचं एक तंत्र सांगतो, ते उद्यापासून वापरता येईल. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाची कॉपी आपण तपासतो तेव्हा ती लाल शाईने भरते. खाली दडलेली चांगली माहिती त्यालाही दिसत नाही, आपल्यालाही नाही. मी प्रत्येक कॉपी दोनदा वाचतो. पहिल्यांदा फक्त बातमी: काय मिळवलं, कोणाला विचारलं, काय राहिलं. तेव्हा शुद्धलेखनाची एकही खूण करायची नाही. भाषा दुसऱ्या वाचनात, गुण वेगळे. प्रमाण भाषा हे कौशल्य आहे, टायपिंगसारखं, सरावाने येतं. ते संस्काराचं लक्षण असल्यासारखं शिकवलं की मूल गप्प होतं.

ओळखींचंही तसंच. काही मुलांच्या फोनमध्ये पहिल्या दिवशीच वकील, डॉक्टर, अधिकारी असतात. उरलेल्यांसाठी आम्ही ओळख काढणं हाच गृहपाठ केला. आठवड्याला तीन नवी माणसं, प्रत्येकाशी समोरासमोर बोलणं, नाव, काम आणि त्यांना काय माहीत आहे याची नोंद. वर्षाअखेरीस प्रत्येकाची वही शंभराच्या पुढे जाते, आणि मजा म्हणजे काकांच्या ओळखीवाल्यांपेक्षा या वह्यांत सफाई कामगार, रजिस्ट्रारच्या कार्यालयातले कारकून, वॉर्डबॉय जास्त असतात. बातम्या त्यांच्याकडून जास्त येतात.

शेवटची पायरी अभ्यासक्रमानंतरची आहे, आणि तिथे तुमचा हात कमी पोचतो. अमेरिकेत १९६७ च्या दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ साली वृत्तपत्रांना स्पष्ट सुनावलं होतं की कृष्णवर्णीयांना शोधण्यात, घेण्यात, शिकवण्यात आणि बढती देण्यात हा व्यवसाय लाज वाटावी इतका मागे आहे. चार क्रियापदं आहेत, लक्षात घ्या. दहा वर्षांनी, १९७८ साली, तिथल्या वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने ठरवलं की २००० सालापर्यंत न्यूजरूममधलं अल्पसंख्य समाजांचं प्रमाण लोकसंख्येइतकं करायचं. तेव्हा ते सुमारे ४ टक्के होतं. २००० साली ते सुमारे १२ टक्के झालं, पण लोकसंख्येत या समाजांचा वाटा तोवर पाव हिश्श्याच्या पुढे गेला होता. १९९८ मध्येच मुदत २०२५ पर्यंत ढकलावी लागली. माणसं येत होती, शिकत होती, आणि बढती न मिळता निघूनही जात होती. म्हणून तुमच्या तक्त्यात ‘एक वर्षानंतर’बरोबर ‘पाच वर्षांनंतर’ हा रकाना ठेवा. जुन्या मुलांना पहिली दोन वर्षं एखादा अनुभवी माणूस जोडून द्या, ज्याला रात्री अकराला फोन करून ‘संपादक हे नाव काढ म्हणतायत, काय करू?’ असं विचारता येईल.

तुमच्याकडे तीन महिने आहेत. एवढ्यात सगळं होणार नाही. पहिले दोन आठवडे जुने अर्ज काढून पायऱ्या मोजा, कारण त्यावर बाकीचं ठरेल. महिन्याभरात अनामत रक्कम आणि वेळापत्रक यांचा निकाल लावा. निवडीची नवी पद्धत या वर्षी सगळी न जमली तर निदान नावं झाकून कॉपी तपासा, दुसरी कॉपी लिहून घ्या आणि ‘पत्रकारच का व्हायचंय’ हा प्रश्न काढा. इंटर्नशिपच्या वाटाघाटी आत्ता सुरू केल्या तर पुढच्या वर्षी फळ देतील.

राहिल्या त्या दोन रिकाम्या जागा. पुढच्या वर्षी त्या फीमाफीच्या जागा म्हणून जाहीर करू नका. त्यांचे पैसे उरलेल्या तिघांच्या निर्वाहभत्त्याकडे वळवायची परवानगी देणगीदाराकडे मागा. तो आधी नाही म्हणेल, कारण ‘पाच विद्यार्थ्यांना मोफत शिक्षण’ हे वाक्य त्याच्या अहवालात शोभतं. त्याच्यासमोर चार वर्षांचा तक्ता ठेवा: पाचांतले किती आले, किती टिकले, किती आज बातमीदार आहेत. आमचा देणगीदार तक्ता बघून दहा मिनिटं गप्प होता, मग त्याने विचारलं, ‘भत्ता दरमहा कोणत्या तारखेला लागेल?’ महिन्याच्या एक तारखेला, असं मी सांगितलं. भाडं तेव्हाच द्यायचं असतं.